भागीदारीत इथं बनलेली एसयूव्ही की बाहेरून आयात केलेली? बेळगाव-निपाणी-खानापूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे. दारात २०१५ पासून बेंगळूरजवळ बिडदीला बनलेली टोयोटाची फॉर्च्युनर उभी आहे. मध्यंतरी चार वर्षं तिच्या शेजारी पुण्याहून सेकंडहँड घेतलेली एक आयात एसयूव्हीही होती. दोन्ही गाड्या मी स्वतः चालवल्या, दोन्हींची बिलं स्वतः भरली. त्यामुळे लग्नात, साखर कारखान्याच्या सभेत, टिळकवाडीत चहाच्या टपरीवर, "मामा, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी येतो. तेच प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथं लिहिली आहेत.

"भागीदारीतली कंपनी" म्हणजे नेमकं काय?

बाहेरची कंपनी गाडीचं तंत्र आणते, इथली कंपनी भांडवल, जागा, माणसं किंवा कारखाना आणते आणि दोघांच्या मालकीची तिसरी कंपनी उभी राहते. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ साली अशीच स्थापन झाली. बेंगळूरजवळ बिडदीला तिचा कारखाना आहे. त्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के. पुण्याजवळ रांजणगावला टाटा आणि फियाट यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीतला कारखाना आहे, जीप कंपास २०१७ पासून तिथं बनते. गुजरातेत हलोलला एमजीच्या गाड्या बनतात, त्या कंपनीत आता जेएसडब्ल्यू या भारतीय उद्योगसमूहाचा ३५ टक्के वाटा आहे.

किर्लोस्कर हे नाव आलं की बेळगावच्या माणसानं थोडं थांबावं असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली, कारण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे नगरपालिकेला गावठाण वाढवायचं होतं म्हणून त्यांना जागा सोडायला सांगितलं, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गावात किर्लोस्कर रोड आजही आहे. मी फॉर्च्युनर घेतली ती या भावनेनं नव्हे, पण तिच्यामागचं ते नाव वाचलं की मला बरं वाटतं, हेही खरं.

ब्रँड परदेशी आहे म्हणजे गाडी आयात, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. बाजारात तीन प्रकारच्या गाड्या आहेत. पहिली, इथं खरोखर बनलेली: पत्रा इथं दाबला जातो, सांगाडा इथं वेल्ड होतो, बरेचसे भाग इथल्या पुरवठादारांकडून येतात. दुसरी, सुट्या भागांच्या पेट्यांतून येऊन इथं जोडलेली. चाकणच्या मर्सिडीज, चेन्नईच्या बीएमडब्ल्यू या बहुतांश अशा. रेंज रोव्हरसुद्धा २०२४ पासून पुण्यात जोडायला लागले. आणि तिसरी, पूर्ण बांधून जहाजानं आलेली. लँड क्रूझर ३०० अशी येते, डिफेंडरही अशीच.

म्हणजे शोरूमवर एकच बोर्ड असला तरी आत दोन्ही जाती उभ्या असू शकतात. टोयोटाच्याच दुकानात फॉर्च्युनर बिडदीची आणि लँड क्रूझर जपानची.

ओळखायची खूण सोपी आहे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डवर, सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर असतो, तोच आरसीवरही असतो. तो एमए पासून एमई पर्यंतच्या जोडीनं सुरू झाला तर गाडी भारतातली. माझ्या फॉर्च्युनरचा एमबीजेनं सुरू होतो. पहिलं अक्षर J असेल तर जपान, W असेल तर जर्मनी. सेल्समन काय सांगतो ते ऐका, पण खाली वाकून हे अक्षर स्वतः वाचा.

आयात गाडी एवढी महाग का पडते? गाडी तर तीच असते.

गाडी तीच, पण बंदरावर तिची किंमत दुपटीच्या पुढं जाते. एक हिशेब मांडतो. समजा जहाजभाडं आणि विम्यासकट गाडी बंदरात ५० लाखांना पोचली. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर एकूण ११० टक्के आयात शुल्क लागतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची विभागणी बदलली, बेरीज तीच राहिली. म्हणजे ५५ लाख शुल्क, एकूण १ कोटी ५ लाख. त्यावर मोठ्या एसयूव्हीचा ४० टक्के जीएसटी, म्हणजे ४२ लाख. झाले १ कोटी ४७ लाख. यात डीलरचा नफा अजून धरलेला नाही. वर कर्नाटकचा आजीवन कर: २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे साधारण २९ लाख ३७ हजार. पन्नास लाखांची गाडी पावणेदोन कोटींच्या पुढे गेली, आणि विमा अजून बाकीच आहे.

इंजिन-गिअरबॉक्सही आधी न जुळवता पूर्ण सुट्या भागांत आणलेल्या गाडीवर मूळ शुल्क १५ टक्के आहे, म्हणून कंपन्या इथं जोडणी करतात. खरोखर इथं बनलेल्या गाडीत तर फक्त जे भाग बाहेरून येतात तेवढ्यांवरच शुल्क.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के आणि वर २२ टक्के उपकर, असे ५० टक्के होत. आता सरळ ४०. हा फायदा दोघींनाही मिळाला.

पाहुणे कोल्हापूरला आहेत. महाराष्ट्र पासिंग करून टाकू का?

दर आठवड्याला कुणीतरी हे विचारतंच. एमएच पाटीबद्दलची आपल्या भागातली भावना मला कळते, मीही त्याच भावनेत वाढलोय. पण इथं पैशाचं आणि कायद्याचं बोलू.

४५ लाखांची डिझेल एसयूव्ही घ्या. कर्नाटकात कर आणि उपकर मिळून ८ लाख ९९ हजार. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर, इथं बनलेली असेल तर १५ टक्के, म्हणजे ६ लाख ७५ हजार. सव्वादोन लाखांचा फरक दिसतो खरा. पण आयात गाडीला महाराष्ट्र सरसकट २० टक्के लावतो, कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही तेवढेच. म्हणजे ९ लाख. ज्या गाडीसाठी लोक पाहुण्यांचा पत्ता शोधत फिरतात, त्या आयात गाडीत ढोबळ हिशेबानं काहीच वाचत नाही.

आणि जिथं वाचतं तिथंही मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ आहे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथं ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि उरलेल्या वर्षांचा कर इथं भरावा लागतो. तिकडचा कर परत मिळवायला वेगळे हेलपाटे. मुलगी खरंच कोल्हापुरात राहते आणि गाडी तिच्या दारात असते, तर खुशाल तिच्या नावावर करा. गाडी राहणार बेळगावच्या शहापुरात आणि कागद कोल्हापूरचा, हे करू नका. अपघात झाला आणि विम्याचा माणूस पत्ता विचारत आला की सव्वादोन लाखांचं सुख टिकत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीतल्या मुलांनी, केंद्र सरकारी नोकरीतल्यांनी बीएच (भारत) मालिकेच्या नंबराची चौकशी जरूर करावी. ती बदलीच्या नोकरीसाठीच आहे, कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.

सुट्या भागांचा खरंच एवढा त्रास असतो का?

असतो, आणि तो इंजिनाचा नसतो. मोठं इंजिन सहसा दगा देत नाही. त्रास देतात ते काच, दिवा, बंपर, आरसा, शॉकअप असले भाग.

जानेवारीतली गोष्ट. उसाचा हंगाम, संध्याकाळ झालेली. चिक्कोडीहून येताना पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. त्याच्या चाकाखालून खडा उडाला आणि आयात गाडीच्या पुढच्या काचेवर टिच्चकन लागला. उतरून बघितलं तर मसुरीच्या डाळीएवढा टवका. वर चिकटपट्टी लावून घरी आलो. सकाळी ऊन तापलं आणि दहाच्या सुमारास, मी बघत असतानाच, त्या टवक्यातून बारीक रेघ निघाली आणि वायपरपासून आरशापर्यंत गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

ती काच म्हणजे नुसती काच नव्हती. आरशाच्या मागे कॅमेरा, पावसाचा सेन्सर, खालच्या कडेला वायपर गरम करणाऱ्या तारा. भारतात साठा नाही, जहाजानं येईल, असं सांगण्यात आलं. एक्केचाळीस दिवस गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. काच आल्यावर पुण्याला टोचन लावून न्यावी लागली, कारण काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. गाडीसमोर मोजून ठरवलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक उभा करतात आणि संगणकावरून कॅमेऱ्याला रस्ता शिकवतात. ते काम बघायला मला आवडलं, खोटं कशाला सांगू. काचेचे पैसे विम्यानं दिले, काचेवर घसारा कापत नाहीत. एक्केचाळीस दिवस आणि पुण्याच्या फेऱ्या मात्र कुठल्याच पॉलिसीत बसत नाहीत.

फॉर्च्युनरची काच त्याआधी हत्तरगीजवळ अशीच फुटली होती. सकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी दुपारी हुबळीहून काच आली, संध्याकाळी गाडी घरी. तिच्या काचेत कॅमेरा नाही हेही एक कारण आहे. आता इथं बनणाऱ्या नव्या गाड्यांतही कॅमेरे आले, त्यामुळे जुळवणी त्यांनाही लागणार. पण काच जहाजाची वाट बघत नाही.

म्हणून गाडी बुक करण्याआधी एकच काम करा. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरला जा, सेल्सच्या टेबलाला नको. पुढची काच, डावा हेडलाइट, पुढचा शॉकअप आणि ब्रेक पॅड, या चार वस्तूंची किंमत आणि किती दिवसांत मिळतील ते कागदावर लिहून मागा. लिहून देताना जो कचरतो, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

इथं बनलेल्या गाडीचा दर्जा कमी असतो म्हणतात...

आम्ही उद्यमबागेतली माणसं. इथं ओतकाम होतं, क्रँकशाफ्ट बनतात, हायड्रॉलिकचे सिलिंडर बनतात. मायक्रोमीटरवर एक शंभरांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर मोठा गिऱ्हाईक पूर्ण लॉट परत पाठवतो, हे आम्ही रोज बघतो. त्यामुळे "इंडियात बनलं म्हणजे हलकं" हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. रांजणगावची कंपास उजव्या बाजूच्या स्टीअरिंगच्या देशांत गेली, जपान आणि ऑस्ट्रेलियासकट. जपानी गिऱ्हाईक काय तपासतं हे ज्यांनी जपानला माल दिलाय त्यांना विचारा.

फरक असतो तो दर्जात नव्हे, मांडणीत. किंमत आटोक्यात ठेवायला इथल्या मॉडेलमधून काही सोयी काढलेल्या असतात: एखादी एअरबॅग, सीटचं कापड, आवाज अडवणारी काच. हे ब्रोशर शेजारी-शेजारी ठेवून बघा. आणि हेही मान्य करतो की माझ्या आयात गाडीत रात्री बेंगळूरहून येताना जी शांतता होती, ती फॉर्च्युनरमध्ये नाही. धारवाड मागे पडेपर्यंत पाठ दुखायची नाही.

चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी, पावसाळ्यात कुठली चालेल?

दोन्ही चालतात. प्रश्न टायरचा आहे. फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरला २६५/६० आर१८ मापाचा टायर येतो. त्याची भिंत जाड आहे, खड्डा खातो. बऱ्याच आयात एसयूव्हींना वीस-एकवीस इंची चाकं आणि पातळ भिंतीचे टायर असतात. कणकुंबीच्या पुढं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात असा टायर एकदा आपटला की भिंतीवर फुगवटा येतो, कधी रिमच चिरतो. ते माप बेळगावच्या टायरवाल्याकडे नसतं. शक्य असेल तर लहान रिमचा पर्याय घ्या, आणि स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते बघा. काहींना नुसतं पंक्चरचं किट देतात, घाटात रेंज नसताना ते काय कामाचं?

पुराच्या पाण्यातून नेता येते ना? म्हणून तर मोठी गाडी घ्यायची.

फॉर्च्युनरला कंपनी ७०० मिलिमीटर पाणी सांगते, डिफेंडरला ९००. ते आकडे स्थिर पाण्याचे आणि सावकाश जाण्याचे. दूधगंगा-वेदगंगेच्या बंधाऱ्यावरून वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी ते गाडी बाजूला ढकलतं. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ हायवेच बंद पडला होता. भोज, कारदगा, सदलगा भागातल्या मित्रांना हात जोडून सांगतो, बंधाऱ्यावर पाणी असेल तर गाडी कुणाचीही असो, घालू नका.

पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत. इंजिन संरक्षणाचं जादा कलम घ्यावं लागतं. आयात गाडीचं इंजिन बदलायचा खर्च ऐकलात तर तो हप्ता स्वस्त वाटेल.

पेट्रोल गाडी घेतली तर इथेनॉलचं काय?

आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं आहे. एप्रिल २०२३ नंतर कंपनीनं अधिकृतपणे विकलेल्या पेट्रोल गाड्या त्याला चालणाऱ्या आहेत. अडचण जुन्या किंवा खासगीरीत्या आणलेल्या आयात गाड्यांची. टाकीच्या झाकणाआत बघा. तिथं ई१० (म्हणजे १० टक्के इथेनॉलपर्यंतच) लिहिलं असेल तर रबरी नळ्या आणि सील लवकर जाऊ शकतात.

कंपनी देश सोडून गेली तर?

ही भीती खोटी नाही, आणि इथं बनणं हे त्याला पूर्ण उत्तर नाही. फोर्डची एन्डेव्हर चेन्नईत बनायची, उत्तम गाडी. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. जनरल मोटर्स २०१७ मध्ये इथली विक्री बंद करून गेली, तिचाच हलोलचा कारखाना पुढं एमजीकडे आला. तरी फरक पडतो. हजारोंनी विकलेल्या गाडीचे भाग बाहेरचे कारखाने बनवत राहतात, मोडीतून मिळतात, आणि मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. मोजक्याच आलेल्या आयात मॉडेलला हे तिन्ही आधार नसतात. भागीदारीच्या कंपनीत इथल्या भागीदाराचे पैसे आणि नाव अडकलेलं असतं, तेवढा एक धागा जास्त.

विकताना काय मिळतं?

फॉर्च्युनर-इनोव्हाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, निपाणीपासून अथणीपर्यंत. माझी आयात गाडी विकायला सात महिने लागले आणि ती शेवटी बेंगळूरला गेली.

ब्रिटनशी करार झालाय, गाड्या स्वस्त होणार. थांबू का?

करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात ठराविक संख्येच्या गाड्यांवर शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं. पण ब्रिटिश ब्रँड म्हणजे ब्रिटनमध्ये बनलेली गाडी असं नाही. डिफेंडर स्लोव्हाकियात, नित्राला बनते. आणि शुल्क कमी झालं तरी काच जहाजानंच येणार. गाडीची गरज आज असेल तर आजच्या हिशेबानं घ्या.

मग आयात गाडी कुणी घ्यावी?

ज्याच्या दारात रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, ज्याला ते यंत्रच मनापासून आवडतं आणि महिना-दीड महिना ती उभी राहिली तर ज्याचं काही अडत नाही, त्यानं जरूर घ्यावी. माझी ती चार वर्षं वाया गेली असं मी मानत नाही. घरात एकच गाडी, आईला डायलिसिसला केएलई रुग्णालयात न्यायचं, पोरांची शाळा, आठवड्याला गोव्याची फेरी, अशा घराला मी इथं बनलेलीच सांगतो.

सेकंडहँड आयात गाडी स्वस्तात मिळतेय. काय तपासू?

आरसीवरचा चासी नंबर, काचेखालचा नंबर आणि दाराच्या चौकटीवरचा नंबर, तिन्ही जुळवा. खासगी आयात असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री मूळ प्रतीत बघा. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथं भरायचा उरलेला कर, दोन्ही सौद्याआधी विचारून घ्या. हवेचे शॉकअप असतील तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चारही कोपऱ्यांची उंची पट्टीनं मोजा. एखादा कोपरा बसलेला असेल तर तिथं गळती आहे. आणि दुसरी चावी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या गाडीला एकच होती, दुसरी बनवून यायला नऊ आठवडे लागले.